बुडाखालची काळी रेघ

लाकूड कातणाऱ्या कातारांच्या गल्लीत सगळ्या कारखान्यांची दारं सकाळपासून सताड उघडी असायची. एकाचंच बंद. कुणी विचारलंच तर घरची माणसं सांगायची, भुसा उडतो हो बाहेर. आता भुसा काय त्या एकाच घरचा उडत होता? गल्लीत पाऊल टाकलं की भुसा केसांत, भुसा पापण्यांवर, भुसा चहाच्या कपात. बाकीच्यांनी दारं उघडी ठेवली होती ती त्या भुशापायीच, नाहीतर आत जीव गुदमरायचा. पण गल्ली शहाणी. मान डोलवायची आणि पुढं जायची. बंद दाराआड लेथवर कोण उभं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिथं उभी असायची धाकटी.

माहेरी सगळ्या बहिणींत ती शेंडेफळ, म्हणून धाकटी. सासरी आली ती तेच नाव घेऊन. आता तिच्या कानशिलावर पांढरं डोकावत होतं, लेक सासरी गेली होती, तरी ती धाकटीच. काही नावं अशी चिकटतात की डिंक परवडला.

सासरा गल्लीतला नावाजलेला कातारी. सगळे त्याला म्हातारबा म्हणायचे, अगदी तो म्हातारा नव्हता तेव्हापासून. फळझाडाच्या लाकडाचा वाडगा कातावा तर त्यानंच. नासपती, आलुबुखार, तुती, कुणाच्या परसातलं झाड वाऱ्यानं पडलं की आधी निरोप यायचा तो म्हातारबाला. तो जायचा, बुंध्यावर बोटांनी टकटक करायचा, आणि झाडाच्या मालकाला सांगायचा की यातून काय काय निघेल. धाकटीचा नवरा मात्र वेगळ्या मातीचा. त्याची जीभ सोन्याची, हात मात्र नुसते लोंबायचे. त्यानं लेथवर लाकूड चढवलं की ते उडी मारून पळायचं. एकदा तर खिडकीतून जाऊन समोरच्याच्या चहाच्या किटलीवर आदळलं. त्या दिवसापासून बापानं त्याला पुढच्या दुकानात बसवलं. तिथं तो खुलला. गिऱ्हाईक वाडगा बघायला आलं की हा त्याला असा गोड बोलायचा की ते दोन घेऊन जायचं.

धाकटी कारखान्यात यायची ती चहा घेऊन आणि झाडू घेऊन. पायाखाली लाकडाच्या लांब लांब कुरळ्या ढलप्यांचा ढीग, तो भरून न्यायचा. झाडता झाडता तिचे कान तयार झाले. कातायची पटाशी लाकडावर नीट बसली असली की लाकूड एका सुरात सळसळतं, कापड फाडल्यासारखं. पातं चुकीच्या कोनात शिरलं की खडखडतं. सासऱ्याचा हात थरथरायला लागला, ते धाकटीला आधी ऐकू आलं आणि मग दिसलं. एका सकाळी पटाशी अडकली, होत आलेला वाडगा फुटून भिंतीवर गेला. म्हातारबा तुकड्यांकडं बघत राहिला. धाकटीनं चहा खाली ठेवला. म्हणाली, मामंजी, पटाशीचा दांडा जरा खाली घेतला असता तर पात्याची पाठ लाकडाला टेकली असती. म्हातारबानं तिच्याकडं असं बघितलं की जणू झाडूच बोलायला लागला. मग त्यानं दार लावलं आणि पटाशी तिच्या हातात दिली.

दार बंद झालं ते तेव्हापासून.

शिकवण्यात म्हातारबानं हातचं राखलं नाही, हे त्याचं मोठेपण. ओल्या ओंडक्याचा गाभा मधोमध चिरून काढायचा, कारण भेग जाते ती गाभ्यातूनच. मग वाडगा जाडजूड कातायचा, कडांना पातळ केलेलं मेण फासायचं आणि त्याच्याच ढलप्यांत पोत्यात पुरून ठेवायचा. वाळता वाळता तो वेडावाकडा होतो, तिरक्या कापलेल्या काकडीच्या चकतीसारखा लांबट होतो. होऊ द्यायचा. लाकडाला काय रुसायचं ते आधीच रुसू द्यावं, म्हातारबा म्हणायचा, घरात आल्यावर मग ते नीट राहतं. असं तो सुनेकडं बघूनही म्हणायचा, आणि दोघं हसायची. वाळलं की पुन्हा लेथवर, बारीक हात, मग काचकागद जाड ते मऊ, जवसाचं तेल, आणि शेवटी लेथ फिरतं ठेवून त्याच लाकडाच्या मूठभर ढलप्या दाबून धरायच्या. लाकूड आपल्याच सालपटानं चमकतं. तसली चमक डब्यातल्या पॉलिशला येत नाही.

सगळं झालं की नवरा वाडगा पुढं न्यायचा, चुलीवर लोखंडी शिक्का तापवायचा आणि बुडावर बापाची खूण उमटवायचा. वर्तुळात एक पान. गल्लीच्या कातारी मंडळाचा नियमच होता, ज्याचा शिक्का त्याचा हात. धाकटीच्या हातचा एकही वाडगा धाकटीचा म्हणून घराबाहेर गेला नाही. सासूबाई म्हणायच्या, अगं, पोटाला मिळतंय, नावाचं काय लोणचं घालायचंय? धाकटी गप्प बसायची. गप्प बसणं म्हणजे कबूल असणं नव्हे, पण हा फरक घरात कुणाला माहीत नव्हता.

मग म्हातारबा न्हाणीघराच्या पायरीवर घसरला. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात पाय वर टांगून पडला. घरात सगळ्यांची तारांबळ उडाली, डबे, औषधं, जागरणं, पण काम थांबलं नाही. थांबेल कसं, काम करणारी घरीच होती. धाकटी कातत राहिली आणि नवरा सवयीनं शिक्के मारत राहिला. बाप खाटेवर पालथाही होऊ शकत नाही आणि त्याच्या नावाचे ताजे वाडगे दुकानात येताहेत, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. गल्लीच्या मात्र शिरलं. नळावर बाया म्हणायला लागल्या, म्हातारबा आता पायानं काततो म्हणे, टांगलेल्या.

त्यांचे वाडगे घेणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या मालकानं हे ऐकलं आणि मंडळाकडं विचारणा केली. म्हणून एका दुपारी मंडळी दुकानात आली. पुढं मंडळाचा प्रमुख, पॉलिशकाका. त्याला हे नाव त्याच्या वाडग्यांवरून पडलं की बोलण्यावरून, हे कुणी सांगू शकत नाही. दोन्ही इतके गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी.

धाकटी दाराआड होती. लेथ बंद करून ऐकत उभी राहिली.

नवऱ्याला घाम फुटला होता, पण जीभ चालू होती. हा सगळा जुना माल, तो सांगत होता. बाबांनी पडायच्या आधीच कातून ठेवलेला, आम्ही फक्त आता बाहेर काढला. आणि पुरावा म्हणून त्यानं फळीवरचा एक वाडगा उचलून पॉलिशकाकाच्या हातात दिला.

तो होता तुतीचा.

तुतीचं लाकूड ताजं कातलं की पिवळंधमक असतं, हळदीत बुडवून काढल्यासारखं. उजेड लागला की ते हळूहळू गडद होत जातं आणि बऱ्याच महिन्यांनी जुन्या गुळाच्या रंगावर येतं. कातारांच्या गल्लीत रांगणारं मूलही तुती बघून तिचं वय सांगतं. आणि या शहाण्यानं सगळ्या कातारांच्या देखत, भरदुपारी, उन्हासारखा पिवळा वाडगा हातात धरून सांगितलं की हा जुना आहे. दुकानात बसून बसून माणूस लाकडाची भाषाच विसरला होता. एकजण खोकला. दुसऱ्याचा खोकला हसण्यात फुटला. मग सगळेच हसले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे, फक्त भांडं फारच पिवळं होतं.

पॉलिशकाका मात्र हसला नाही. त्यानं वाडगा हळुवारपणे खाली ठेवला आणि तोडगा काढला. मंडळाला कुणाची अब्रू घालवायची नाही. म्हातारबाचा शिक्का रीतसर मुलाच्या नावावर करू. मुलगा पुढं बसेल, आत काम चालतं तसं चालू दे, दार तेवढं बंद ठेवा. कोण विचारतंय? मग तो बंद दाराकडं तोंड करून जरा मोठ्यानं म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, सूनबाई."

दार उघडलं. धाकटी बाहेर आली. डोक्याला फडकं, भुवयांवर पिवळा भुसा, हातात अजून पटाशी. मंडळीतले दोघे उगाचच मागं सरकले.

"मूठ झाकून ठेवली तर पटाशी धरायची कशानं, काका?" ती म्हणाली. "हा वाडगा माझा आहे. त्या फळीवरचेही माझे. आणि यांना शिक्का द्यायचाच असेल तर आधी यांच्याकडून एक वाडगा कातून घ्या. मात्र समोरच्यांना सांगा, किटली आत घ्या म्हणावं."

नवऱ्याचं तोंड उतरलं, पण खरं सांगायचं तर तोच पहिला हसला. सासूबाई आतून म्हणाल्या, गप गं, घरचं घरात राहू दे. पॉलिशकाकाचा चेहरा मात्र पहिल्यांदाच खरखरीत झाला. म्हणाला, म्हातारबा घरी येऊ दे. शिक्का त्याचा, तोच मंडळापुढं सांगेल वाडगे कुणाचे. त्याचा शब्द शेवटचा.

धाकटी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेली. लपवाछपवी तिला जमत नव्हती, तिनं घडलं ते सगळं सांगितलं आणि काय हवंय तेही सांगितलं. दार उघडं हवं. आणि तिनं कातलेल्या वाडग्यावर तिची खूण हवी. म्हातारबानं डब्याला हात लावला नाही.

"माझे हात गेले," तो म्हणाला. "नाव तेवढं उरलंय. तेही पुसायला निघालीस?"

ज्या माणसानं धाकटीला पटाशी धरायला शिकवलं त्याच्या तोंडून हे ऐकायचं म्हणजे थट्टा नव्हती. तिला वाटलं, सोडून द्यावं. आजवर दार बंद होतं, अजून काही वर्षं राहील, त्यानं काय आभाळ कोसळणार आहे? पण मग तिला दिसलं की तोही हेच म्हणतोय, अजून काही वर्षं राहू दे, फक्त त्याच्या बाजूनं. आणि नंतर नवरा म्हणेल. त्याच्यानंतर आणखी कुणी.

"तुमचं नाव पुसेल असला काचकागद अजून निघाला नाही, मामंजी," ती म्हणाली. "मला फक्त माझं लिहायचंय."

म्हातारबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. डबा तसाच परत आला.

तो घरी आला तो काठी टेकत, दोघांच्या आधारानं. त्याला कारखान्यात लाकडी खुर्चीत बसवलं आणि मंडळ जमलं. सगळे लेथभोवती उभे, उरलेले खिडकीतून डोकावत. पॉलिशकाकानं अगदी अदबीनं विचारलं, म्हातारबा, हे वाडगे कुणाच्या हातचे?

म्हातारबानं सुनेकडं बघितलं नाही. थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबला.

"माझे," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. सगळ्यांची नजर त्या दाबलेल्या हातावर होती आणि सगळे खोटं ऐकत होते, पण खोट्याला असा मान असतो कधी कधी, म्हाताऱ्या माणसाच्या खोट्याला विशेष. पॉलिशकाकानं हात झटकले, झालं म्हणाला. नवरा जमिनीकडं बघत होता. सासूबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. धाकटीनं आता चहा टाकायला जावं, असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ती गेली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

ती कोपऱ्यातल्या पोत्याकडं गेली. ढलप्यांत हात घालून तिनं तुतीचा एक वाळलेला, लांबट झालेला जाड वाडगा काढला आणि लेथवर चढवला.

"मामंजींनी सांगितलं त्याच्यावर मी बोलणार नाही," ती म्हणाली. "ओंडका त्यांनी निवडला, विद्या त्यांची, म्हणतात तर म्हणू देत. पण हा इथून पुढचा. हा बघा आणि सांगा कुणाचा ते."

लेथ सुरू झालं. आधी वाडगा डगडग करत फिरला, वाळून वाकडा झाला होता ना. तिनं पटाशीची पाठ लाकडाला टेकवली, दांडा जरा खाली घेतला, आणि खडखड थांबली. कापड फाडल्यासारखा एक सूर खोलीत भरला. वरचा मळकट थर निघाला आणि आतून पिवळं लाकूड उजेडात आलं. ढलप्या उडून पॉलिशकाकाच्या बुटांवर पडत होत्या, तो हलला नाही. कातारी होता शेवटी. सूर लागलेला असताना कातारी हलत नाही. बाहेरून झालं, आतून झालं, मग तिनं उलटा करून बूड बारीक केलं. सगळं व्हायला बराच वेळ लागला आणि मंडळातला एकही माणूस पाणी प्यायलाही गेला नाही.

मग तिनं टोकदार पटाशीनं बुडाच्या कडेला केसाएवढी खाच पाडली. फळीवरून एक पोलादी तार घेतली, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधलेली. लेथ फिरतच होतं. तार तिनं खाचेत दाबून धरली. आधी काही नाही, मग धुराची बारीक वेटोळी, मग जळक्या तुतीचा गोडसर वास. तिनं तार काढली आणि लेथ थांबवलं. बुडाला सलग काळी रेघ उमटली होती.

"शिक्का कुणीही मारतो," तिनं वाडगा काढून पॉलिशकाकाच्या हातात दिला. "काम झाल्यावर, चुलीपाशी बसून. आमच्या घरी मारलेच. ही रेघ तशी नाही उमटत. लेथ फिरत असताना जो उभा असतो त्यालाच ती काढता येते. ती उसनी देता येत नाही आणि नावावरही करता येत नाही. माझी खूण ही."

पॉलिशकाकानं वाडगा फिरवून बघितला. नख लावून बघितलं. आत अंगठा फिरवला, दोनदा. मग तो म्हणाला की मंडळ असली खूण ओळखत नाही. ही खूण लावलेला माल मंडळाच्या बाजारात बसणार नाही, या घराचा तिथला ओटा आजपासून दुसऱ्याला जाईल. बोलताना आवाज परत गुळगुळीत झाला होता, पण वाडगा काही त्यानं लवकर खाली ठेवला नाही.

"नका ओळखू," धाकटी म्हणाली. "तुम्ही ओळखायच्या आधीही तो वाडगाच होता."

मग तिनं खिळ्यावरचा लोखंडी शिक्का काढला आणि सासऱ्याच्या मांडीवर ठेवला. "मामंजी, हा तुमचा. तुमचा हात ज्याला लागेल, त्यालाच हा लागेल. इतर कशालाही मी लागू देणार नाही."

म्हातारबानं शिक्का घट्ट धरला.

मंडळी गेली. धाकटीनं पेचकस घेतला आणि कारखान्याच्या दाराची बिजागरी खोलायला लागली. नवरा म्हणाला, अगं, निदान बंद तरी करता यावं ना रात्री. ती म्हणाली, लेथ कोण उचलून नेतंय, तुम्ही? वरची बिजागरी गंजलेली, निघेना. तेव्हा सासूबाई आल्या, हातात तेलाची वाटी. धाकटीला वाटलं आता बोलणी बसणार. सासूबाईंनी बिजागरीवर तेल सोडलं आणि म्हणाल्या, हे दार मेलं पहिल्यापासून घासतं, मी कधीची सांगतेय.

दार दोन ओंडक्यांवर आडवं टाकलं, रस्त्याच्या कडेला, स्वतःच्याच उंबऱ्यापुढं. त्याच्यावर वाडगे मांडले. बाजारातला ओटा गेला तो गेलाच. मोठ्या दुकानाचा मालकही फिरकेनासा झाला, बिनशिक्क्याचा माल त्याला नको होता. नवऱ्याला गल्लीत उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायला लागली. पहिले काही दिवस तो लाजला. पण जीभ सोन्याची होती, ती चालायला लागली. आता त्याला एक सोपंही झालं होतं, खोटं बोलावं लागत नव्हतं. विचारलं की आत बोट दाखवायचं. आत धाकटी लेथवर उभी दिसायची, भुवयांसकट पिवळी.

म्हातारबा आपली खुर्ची घेऊन दाराच्या त्या ओट्याजवळ बसायला लागला. सुनेशी तो किती तरी दिवस बोलला नाही, फक्त वाडगे उचलून बघायचा आणि ऐकू जाईल असं पुटपुटायचा, पातळ केलाय, फार पातळ केलाय. ती आतून म्हणायची, पातळच करणार. मग एकदा एक गिऱ्हाईक आलं, वाडगा उलटा केला आणि विचारायला लागलं, याच्यावर कातणाराची खूण कुठंय? नवरा तोंड उघडणार तेवढ्यात म्हातारबा खेकसला, "चष्मा लावा. एवढी काळी रेघ दिसत नाही?"

आत लेथ क्षणभर खडखडलं. मग सूर परत लागला.

मंडळानं ती खूण अजूनही ओळखलेली नाही. पॉलिशकाका जाताना तोंड दुसरीकडं करून जातो, आणि धाकटी त्याला रोज न चुकता मोठ्यानं विचारते, काय काका, बरं आहे ना?

तो पहिला पिवळा वाडगा तिनं विकला नाही. बुडावर म्हातारबाचा शिक्का असलेला, जुना म्हणून दाखवलेला. तो तिनं उंबऱ्याशेजारी उन्हात ठेवून दिला आणि तो हळूहळू गडद होत जुन्या गुळाच्या रंगावर आला. परवा नवऱ्यानं तो पुसता पुसता तिला हळूच विचारलं, "आता तरी म्हणू का जुना माल?"

"म्हणा की," धाकटी म्हणाली. "पण कुणाचा, ते आधी सांगा."